कच्ची यादी, पक्की चिठ्ठी

तांबडं फुटायच्या आधी, हातात कंदील आणि कुडमुडं घेऊन पिंगळा जोशी दारात यायचा. पिंगळा नावाच्या छोट्या घुबडाची भाषा आपल्याला कळते, असं तो सांगायचा. घरात काय घडणार, लेकीचं लग्न कधी जमणार, परगावी गेलेला माणूस कधी परतणार, हे सगळं पिंगळ्याने म्हणे त्याच्या कानात सांगितलेलं असायचं. घरातली बाई सुपातलं धान्य त्याच्या झोळीत घालायची. भाकीत खरं निघालं की खोटं, हा प्रश्न नंतरचा. अंधारात कुणीतरी ठामपणे बोलतंय, याचंच ते मोल होतं.

आजची गोष्ट या पिंगळ्याच्या एका चुलतभावाची आहे. त्याचं नाव रानपिंगळा. तब्बल ११३ वर्षं हा पक्षी शास्त्रज्ञांना सापडत नव्हता. पुष्कळांनी तो संपला असंच धरलं होतं. शेवटी तो सापडला सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, दिवसाउजेडी.

तो सापडायला उशीर झाला त्यात अतिशय ठामपणे बोलणाऱ्या एका माणसाचा मोठा वाटा होता. आणि तो सापडला, कारण एका बाईने त्या ठामपणावर विश्वास ठेवायला नकार दिला.

सात पक्षी

डिसेंबर १८७२. आजच्या छत्तीसगडच्या पूर्व टोकाला, बसना आणि फुलझरच्या परिसरात, एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक लहान घुबड टिपलं. त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि मारणाऱ्याचं नाव. ब्लेविटचा पक्षी पोचला ए. ओ. ह्यूम यांच्याकडे.

हे ह्यूम तुम्हाला शाळेच्या इतिहासातून ठाऊक आहेत. १८८५ साली काँग्रेसची स्थापना झाली त्यात पुढाकार घेणारे तेच. पण त्याआधीची बरीच वर्षं ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या मागे वेडे झाले होते. देशभरच्या अधिकाऱ्यांकडून ते पक्षी मागवत आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक चालवत. १८७३ मध्ये त्यांनी या घुबडाला ब्लेविटचं नाव देऊन नवी जात म्हणून जाहीर केलं.

दुसरा पक्षी मिळाला १८७७ मध्ये, आजच्या ओडिशातल्या खरियारच्या बाजूला. तो टिपणारा व्हॅलेंटाइन बॉल हा भूगर्भशास्त्रज्ञ होता. त्यानंतरचे पक्षी आले ते थेट आपल्या खानदेशातून. जेम्स डेव्हिडसन नावाचा सनदी अधिकारी इथे नोकरीला होता. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत शहादा आणि तळोदा या भागात त्याला हा पक्षी अनेकदा भेटला.

डेव्हिडसनने १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी छापली. इंग्रजीत तिचं जे नाव आहे त्याचं सरळ मराठी करायचं तर ‘कच्ची यादी’ असं होईल. आपल्याकडे दुकानदार कच्ची वही आणि पक्की वही अशा दोन वह्या ठेवायचे. दिवसभराचं जसं घडलं तसं कच्च्या वहीत, मग नीटनेटकं करून पक्क्या वहीत. डेव्हिडसनने आपलं काम कच्च्या वहीतलं आहे हे शीर्षकातच कबूल केलं होतं. ‘कच्ची’ हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

१८८४ नंतर रानपिंगळा मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या जातीचे खरेखुरे सात पक्षी. सात कापूस भरलेली कातडी आणि सात चिठ्ठ्या, एवढाच पुरावा.

आठवी चिठ्ठी

पण संग्रहालयाच्या कपाटात आणखी एक पक्षी होता, आणि त्याच्या पायाची चिठ्ठी सगळ्यांत ताजी होती. साल १९१४. जागा मांडवी, तापीकाठी. म्हणजे आजच्या गुजरातमधल्या सुरत जिल्ह्यातलं मांडवी. पक्षी टिपणाऱ्याचं नाव रिचर्ड माइनर्त्झहागेन.

कर्नल माइनर्त्झहागेन हे त्या काळातलं बडं प्रस्थ. पहिल्या महायुद्धातला लष्करी गुप्तचर, मोठा शिकारी, मोठा पक्षीतज्ज्ञ. १९३७ साली अफगाणिस्तानात पक्षी पाहायला गेला तेव्हा आपले सालिम अली त्याच्या सोबत होते. १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला दिला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार?

शिवाय ती चिठ्ठी सोयीची होती. १९१४ म्हणजे १८८४ च्या तीस वर्षं पुढे, म्हणजे पक्षी जिवंत असण्याची आशा जास्त. मांडवी तापीकाठी आहे. शहादा-तळोदाही तापीच्याच खोऱ्यात. म्हणजे जागाही पटण्यासारखी. खोटं बोलायचं तर खऱ्याच्या शेजारी उभं राहून बोलावं, हे कर्नलला पक्कं कळत होतं.

पुढे रानपिंगळ्याचा शोध घेणारे शहाद्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर पश्चिमेला भरकटले. सालिम अली आणि अमेरिकेतले डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्या माणसांच्या हातीही काही लागलं नाही. मधल्या काळात हा पक्षी दिसल्याचे दावे झाले. एका छायाचित्राची चर्चाही झाली. नीट पाहिल्यावर तो आपला नेहमीचा, चिंचेच्या ढोलीत राहणारा पिंगळा निघाला.

जागेवर जाऊन पक्षी मिळत नाही म्हटल्यावर माणसं काय निष्कर्ष काढतील? चिठ्ठी चुकीची असेल, असं मनात येत नाही. पक्षी संपला असेल, असंच येतं.

संशयाचं काम

१९९० च्या दशकात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन काम करत होत्या. डिलन रिप्ले यांनी दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचं मार्गदर्शक पुस्तक हाती घेतलं होतं आणि त्यासाठी रासमुसेन प्रत्येक जातीच्या नोंदी तपासत होत्या. कुठला पक्षी कुठे सापडतो याचा नकाशा काढायचा, तर प्रत्येक ठिपक्यामागचा पुरावा पाहायला हवा.

माइनर्त्झहागेनच्या नोंदी त्यांना खटकायला लागल्या. जो पक्षी जिथे असायला नको तिथे याला कसा मिळाला? बरं, असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स या पक्षीतज्ज्ञाने याच कर्नलच्या काही पक्ष्यांबद्दल फसवणुकीचा पुरावा छापलाही होता. आणि संग्रहालयातल्या जुन्या माणसांना तर फार आधीपासून संशय होता. पक्षी परस्पर उचलल्याच्या कारणावरून पहिल्या महायुद्धानंतर त्याला पक्षी-विभागात दीड वर्ष येऊही दिलं नव्हतं. पण ही शंका दालनातल्या कुजबुजीत राहिली. चिठ्ठीवर कुणी प्रश्नचिन्ह काढलं नाही. तो माणूस १९६७ मध्ये वारला, कुजबुज विरली आणि चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या.

रासमुसेन आणि त्यांचे इंग्रज सहकारी नायजेल कॉलर यांनी १९१४ चा तो रानपिंगळा टेबलावर घेतला. प्रत्येक माणसाची पक्षी भरायची एक सवय असते, जशी प्रत्येक शिंप्याची टाका घालायची असते. टाके, आतला कापूस, पंखांची आणि पायांची ठेवण यांवरून हात ओळखता येतो. एक्स-रेतही बरंच काही दिसतं. हा पक्षी एकदा भरलेला, मग उसवलेला आणि पुन्हा भरलेला निघाला. आणि पहिल्या हाताची जी खूण आत शिल्लक होती ती होती जेम्स डेव्हिडसनची.

मांडवीत कुणी काही टिपलंच नव्हतं. कर्नलने संग्रहालयातलाच डेव्हिडसनचा खानदेशी पक्षी चोरला, त्याला नवं रूप दिलं आणि आपल्या नावाची चिठ्ठी बांधून संग्रहालयाला ‘भेट’ दिला. हा सगळा तपास १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, पण रासमुसेन यांना खरा धागा त्याआधीच हाती लागला होता.

इथे क्षणभर थांबून पाहा, या संशयाने काय केलं. १९१४ ची नोंद खोटी ठरली म्हणजे रानपिंगळा शेवटचा दिसला ते साल मागे गेलं. आता तो ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांऐवजी एकशे दहाहून जास्त वर्षं बेपत्ता होता. वरवर पाहिलं तर ही वाईट बातमी. माहिती कमी झाली, आशा कमी झाली. पण उरलेली माहिती प्रामाणिक होती. खोटा ठिपका पुसल्यावर नकाशावर तीनच भाग राहिले: बसना-फुलझर, खरियार आणि शहादा-तळोदा.

अनिश्चितता मान्य केली की माणूस हातावर हात ठेवून बसतो, असा आपला समज असतो. इथे झालं उलटं. ‘मला हे खात्रीने ठाऊक नाही’ असं म्हटल्यामुळे कोणत्या नोंदीवर किती भरवसा ठेवायचा याची उतरंड लागली, आणि कुठे जायचं ते ठरलं. ‘आपल्याला ठाऊक आहे’ म्हणणारी मंडळी मात्र चुकीच्या रानात फिरत होती.

शहादा, २५ नोव्हेंबर १९९७

नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे भारतात आले. पक्षी मिळेल याची खात्री त्यांना नव्हती. त्यांनी आधी पूर्वेकडच्या दोन जुन्या जागा धुंडाळल्या. दहा दिवस गेले, काहीच हाती लागलं नाही.

हा टप्पा महत्त्वाचा आहे. दहा दिवसांच्या अपयशानंतर ‘पक्षी संपला’ असं म्हणणं अगदी सोपं होतं, आणि कुणी दोषही दिला नसता. पण त्यांनी आधीच तीन शक्यता मांडून ठेवल्या होत्या. दोन खोडल्या म्हणजे तिसरीचं वजन वाढतं. तिघे पश्चिमेकडे निघाले आणि शहाद्याला आले. डेव्हिडसनची कच्ची यादी आता त्यांची वाटाड्या होती.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी पायथ्याच्या जंगलात बेन किंगला एक ठेंगणं, गुटगुटीत घुबड दिसलं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. पाय जाड, पांढऱ्या मऊ पिसांनी भरलेले. पंख आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोट स्वच्छ पांढरं. त्यांनी त्याचे फोटो काढले, चित्रीकरण केलं. या वेळी गोळी झाडायची गरज नव्हती.

पक्षी काही कुठे दडून बसला नव्हता. पुढच्या अभ्यासात कळलं की रानपिंगळा घुबड असूनही दिवसा चांगलाच वावरतो. सागाच्या विरळ, पानझडी जंगलात उघड्या फांदीवर बसतो, पाली-सरडे आणि उंदीर धरतो, शेपूट झटकत राहतो. शहाद्याच्या आठवडे बाजाराला डोंगरातून उतरणाऱ्या माणसांच्या वाटेवरचंच हे जंगल. तो हरवला होता तो पुस्तकांसाठी.

आणि एक गंमत. डेव्हिडसनच्या चिठ्ठीवर ‘खानदेश’ होतं. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला. रानपिंगळा पुन्हा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. सात महिन्यांनी, १ जुलै १९९८ ला, नंदुरबार जिल्हा जन्मला. पक्षी आपल्या फांदीवर होता तिथेच होता. बदलत होत्या त्या चिठ्ठ्या.

रोमिओची चूक

नायजेल कॉलर, म्हणजे त्या तपासातले रासमुसेन यांचे जोडीदार, यांनी १९९८ मध्ये एका लेखात ‘रोमिओची चूक’ असा शब्द वापरला. शेक्सपिअरचं नाटक तुम्हाला माहीत असेल. ज्युलिएट औषधाने निपचित पडलेली असते. रोमिओला वाटतं ती मेली. तो विष घेतो. ती जागी होते, तो मेलेला पाहते आणि मग तीही जीव देते. ‘मेली’ या खात्रीने जिवंत माणूस मेला.

कॉलर लिहीत होते फिलिपिन्समधल्या सेबू बेटाबद्दल. तिथलं जंगल जवळपास सगळं तुटलं म्हणून तिथले खास पक्षी संपले असं सगळ्यांनी मानलं. संपलेल्या पक्ष्यांसाठी जंगल कोण राखणार? उरलंसुरलं रानही दुर्लक्षात गेलं. आणि १९९२ मध्ये त्यातला एक इवलासा पक्षी जिवंत सापडला.

आपल्याकडेही हे आधी घडलं होतं. आंध्रातल्या कडप्पा भागातला जेर्डनचा धाविक १९०० नंतर कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता. १९८६ च्या जानेवारीत तो पुन्हा सापडला, आणि तो पहिल्यांदा हाती आला एका स्थानिक पारध्याच्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्या भागातल्या लोकांना चित्रं दाखवून, विचारपूस करून शोध चालवला होता. ‘आम्हाला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे का?’ हा प्रश्न विचारला म्हणून उत्तर आलं.

दोन चुकांचा हिशेब इथे सारखा नसतो, हे कॉलर यांच्या म्हणण्याचं मर्म. पक्षी संपलेला असताना ‘असेल’ धरून चाललो, तर थोडा वेळ आणि पैसा जातो. पक्षी जिवंत असताना ‘संपला’ धरलं, तर पक्षी जातो. शंका दोन्हीकडे सारखीच असली, तरी चुकीची किंमत वेगळी असते. निर्णय त्या किमतीकडे पाहून घ्यावा लागतो.

तळोद्याचं रान

ही किंमत नंदुरबारने कशी मोजली, ते पाहण्यासाठी आपल्याला १९९७ च्या सात वर्षं मागे जावं लागेल.

सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं येत होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदाकाठच्या या लोकांना जमीन द्यायची होती. मोकळी जमीन कुठे आहे? सरकारचं बोट तळोद्याच्या राखीव जंगलाकडे गेलं. १९९० मध्ये तिथलं २,७०० हेक्टर वन पुनर्वसनासाठी मोकळं करण्यात आलं, १९९४ मध्ये आणखी १,५०० हेक्टर. एकूण ४,२०० हेक्टर.

तळोदा. डेव्हिडसनच्या यादीतलाच मुलूख.

१९९० मध्ये जिवंत रानपिंगळा शंभर वर्षांत कुणा अभ्यासकाने पाहिलेला नव्हता. त्याचा विचार करायला कुणापाशी कारणच नव्हतं. त्या काळात पुस्तकातला ठिपका मांडवीला न अडकता शहादा-तळोद्यावर असता आणि कुणी येऊन पाहिलं असतं, तर निदान टेबलावर एक प्रश्न तरी आला असता. निर्णय वेगळा झाला असता असं मी म्हणत नाही. बुडणाऱ्या गावांना जमीन हवीच होती आणि तो त्यांचा हक्क होता. पण प्रश्न विचारून घेतलेला निर्णय आणि प्रश्न न पडता घेतलेला निर्णय, यांत फरक आहे.

आणि त्या कागदात फक्त पक्षीच राहून गेला असं नाही. ‘राखीव वन’ म्हणून नोंदलेल्या त्या जमिनीचे तुकडे आजूबाजूचे आदिवासी आधीपासून कसत होते. कागदावर त्यांचं नाव नव्हतं, असलंच तर ‘अतिक्रमणदार’ म्हणून. मग एका बाजूला घर बुडालेला आदिवासी आणि दुसऱ्या बाजूला शेत जाणारा आदिवासी, असे दोघे समोरासमोर आले. नोंद नाही म्हणजे माणूस नाही, असं कागदाने ठरवलं होतं. रानपिंगळ्याचं आणि या शेतकऱ्याचं दुखणं एका अर्थाने एकच: दोघेही जागेवर होते, वहीत नव्हते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने यावर थोडं उत्तर दिलं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा दावा ग्रामसभेपुढे मांडता येतो, आणि त्यासाठी सरकारी कागद हा एकच पुरावा धरला जात नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जुनं घर, विहीर, बांध, दफनभूमी अशा खुणाही चालतात. म्हणजे कायद्यानेच मान्य केलं की पक्की वही अपुरी असू शकते, कच्च्या वहीलाही किंमत आहे. शहादा-तळोद्यापासून अक्राणीच्या डोंगरापर्यंत असे दावे घेऊन लोक वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवत आले आहेत.

इथे एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. रानपिंगळ्याला साग-जंगल हवं, त्यातली जुनी ढोलीची झाडं हवीत. पोटासाठी जमीन कसणाऱ्या माणसाला शेत हवं. या दोघांचं नेहमी जमेलच, अशी खात्री कुणी देत असेल तर त्याच्या चिठ्ठीचाही एक्स-रे काढावा. प्रत्येक रान, प्रत्येक पाडा वेगळा पाहावा लागेल, तिथल्या माणसांना विचारावं लागेल, आणि चुकलं तर बदलता येईल असं ठरवावं लागेल.

पुन्हा एकदा

पुन्हा सापडल्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी रानपिंगळ्याचा पद्धतशीर शोध घेतला. चौदा जंगलं पाहिली, चार ठिकाणी मिळून २५ पक्षी दिसले. त्यांत तोरणमाळ आणि तळोदा होतं. मग मेळघाटात तो बऱ्या संख्येने असल्याचं दिसलं, मध्य प्रदेशातल्या खंडव्याकडेही मिळाला.

आता नवी खात्री तयार झाली: रानपिंगळा म्हणजे सातपुड्याचा पक्षी.

ऑक्टोबर २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला. तानसा म्हणजे जिथल्या तलावाचं पाणी मुंबईकर रोज पितात ते. सातपुड्यापासून दूर, सह्याद्रीच्या कुशीत. ज्या शहरात देशातली सगळ्यांत जुनी निसर्ग-अभ्यास संस्था आहे, त्या शहराच्या जवळच हा पक्षी बसला होता. तो तिथे नसणार हे ‘ठाऊक’ होतं, मग तिथे त्याला शोधायचा कुणी? पुढे तो गुजरातच्या डांगमध्येही मिळाला. म्हणजे दक्षिण गुजरातमध्ये रानपिंगळा आहे. त्याने कर्नलची चिठ्ठी खरी होत नाही. अंदाज योगायोगाने जुळला तरी खोटी साक्ष खोटीच राहते.

त्याच्या नावाचं भांडणही असंच चाललं. ह्यूमने त्याला स्वतंत्र कुळीत ठेवलं होतं. नंतरच्यांनी पिंगळ्याच्या कुळीत घातलं. काहींनी पुन्हा बाहेर काढलं. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांच्या डीएनए अभ्यासाने दाखवलं की तो पिंगळ्याच्याच गोतातला आहे. त्याच वर्षी त्याचा धोक्याचा दर्जाही जागतिक यादीत एक पायरी उतरला, ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’वर. ही पायरी तो नव्या ठिकाणी सापडत गेल्यामुळे उतरली. त्याचं रान सुरक्षित झालं असा याचा अर्थ नाही.

चिठ्ठी लिहिताना

हल्ली पक्षी पाहणारी बरीच मुलं मोबाइलवर ‘ई-बर्ड’ या ॲपमध्ये नोंद करतात. त्यात एक सोय आहे, तिचं फारसं कौतुक होत नाही. घुबड दिसलं, पण कोणतं ते नीट कळलं नाही, तर नुसतं ‘घुबड, जात अनिश्चित’ अशी नोंद करता येते. यादीत ती थोडी केविलवाणी दिसते. मित्राने चार दुर्मिळ नावं टाकलेली असतात आणि आपलं हे असं.

पण समजा शंभर वर्षांनी कुणी संशोधक तुमची यादी उघडून बसली. तिला तुमच्या ‘अनिश्चित’ या शब्दाचा राग येणार नाही. उलट त्यावरून तिला कळेल की या यादीत जिथे ‘रानपिंगळा’ लिहिलंय, तिथे लिहिणाऱ्याने खरोखर पाहून लिहिलंय. न कळलेलं कबूल करणाऱ्या माणसाच्या कळलेल्यालाच भाव येतो.

डेव्हिडसन काही संत नव्हता. त्याने पक्षी मारले, आणि तो ज्या सरकारचा नोकर होता त्याच सरकारने या डोंगरांवर रेघा मारून ‘राखीव वन’ बनवलं. पण त्याने जिथे पाहिलं तिथलंच लिहिलं, आणि यादीला कच्ची म्हणून ठेवली. त्या यादीच्या भरवशावर एकशे पंधरा वर्षांनी तीन माणसं शहाद्याला उतरली आणि सकाळच्या उन्हात त्यांना तो दिसला.

पहाटेचा पिंगळा जोशी आता क्वचितच येतो. त्याची जागा मोबाइलमधल्या ठाम आवाजांनी घेतली आहे. ते सगळे दारात येऊन सांगतात की आपल्याला पक्ष्याने सगळं सांगितलंय. सातपुड्यातला रानपिंगळा मात्र कुणाच्या कानात काही सांगत नाही. तो दिवसाउजेडी फांदीवर बसतो. त्याला पाहायला जाणाऱ्याने खांद्यावरच्या पिशवीत दुर्बिणीबरोबर थोडी शंका घेऊन जावं, एवढंच.